कैरीच्या गोळीतला चीक

नव्वदच्या दशकात तुम्ही सांगली-साताऱ्याकडे शाळेत जात असाल, आणि मधल्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या कागदावर हिरवी कैरी छापलेली गोळी घेऊन खाल्ली असेल, तर तुमच्या जिभेची आणि माझी जुनी ओळख आहे. गोळी मी केली नाही. गोळी म्हणजे साखर, ग्लुकोज आणि आंबटपणा, तेवढं अण्णा नावाच्या एका गोळीवाल्यांच्या कारखान्यात व्हायचं. त्या गोळीत जी कैरी होती ती मात्र तुर्भ्याला, एका पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्या टेबलावर तयार झाली. माझ्या एकटीच्या हातून नाही झाली. तेच तर सांगायचंय.

आमचा कारखाना एसेन्सचा. नोकरी लागली तेव्हा बार्शीला आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, म्हणजे अत्तरं करतेस का? अत्तरं नाही. खायचे वास. बिस्किटात, गोळीत, सरबतात, लहान मुलांच्या औषधात जो वास असतो तो कोणीतरी बसून जुळवलेला असतो, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. तुम्हाला खोटं वाटत असेल तर नाक घट्ट दाबून एकदा गूळ खा आणि एकदा साखर खा. दोन्ही नुसतं गोड लागेल. गूळ कळतो तो नाक सोडल्यावर. जिभेला चार-सहा गोष्टी समजतात, बाकीचं सगळं जेवण आपण नाकाने जेवतो.

आमच्या लॅबमध्ये भिंतभर फळ्या आणि त्यांवर चारेकशे तपकिरी बाटल्या होत्या. एका बाटलीत कापलेल्या गवताचा वास, एकीत लोण्याचा, एकीत जळक्या साखरेचा. कागदाची लांब पट्टी बाटलीत बुडवायची, हवेत हलवायची, हुंगायची. असे वीस-पंचवीस वास थेंबाथेंबाने एकत्र आले की एक अननस होतो. गंमत अशी की नुसते चांगले वास जमवून चांगला वास होत नाही. उत्तम स्ट्रॉबेरीत घामेजल्या मोज्याच्या वासाचा एक थेंब असतो. तो काढला की स्ट्रॉबेरी मरते. हे मला कामत सरांनी शिकवलं. सर कारवारचे, आमच्या लॅबचे प्रमुख, उंच आणि अबोल. त्यांचे नियम कडक होते. चव बघायच्या दिवशी कांदा नाही, डोक्याला तेल नाही, पावडर नाही. मी नेरूळला राहायचे. संध्याकाळी बसमध्ये बसले की शेजारची बाई हळूच माझ्याकडे वळून वास घ्यायची. अननसाच्या दिवशी बायका सरकून जागा द्यायच्या. शेवेला लावायच्या लसणाचं काम असलं की मात्र मला अख्खं बाक मोकळं मिळायचं.

दर मंगळवारी अकरा वाजता पॅनेल बसायचं. पॅनेल म्हणजे ऑफिसातलीच आठ माणसं. प्रत्येकापुढे नंबर घातलेल्या तीन वाट्या, चव घ्यायची, पाणी प्यायचं, इंग्रजी फॉर्मवर मार्क द्यायचे. एका मंगळवारी आम्ही आल्याची गोळी ठेवली. सात जणांनी भरभरून मार्क दिले. आठवे आमचे अकाउंट्सचे गोखले. त्यांनी शून्य दिलं आणि रुमाल तोंडाला लावून बाहेर गेले. कामत सर वैतागले, कारण सातावर एक शून्य आलं की सरासरी कोसळते. मी गोखल्यांच्या मागे गेले. ते पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. चूळ भरून म्हणाले की वाईला त्यांचे आजोबा दर मे महिन्यात सातही नातवंडांना ओळीत उभं करायचे आणि आल्याच्या काढ्यातून एरंडेल पाजायचे. नाक दाबून. पळून जाऊ नये म्हणून मागे काका उभा. पंचेचाळीस वर्षं झाली, तरी आल्याचा वास आला की गोखल्यांचा हात आत्ताही आपोआप नाकाकडे जातो.

मला त्या रात्री झोप लागेना, इतका आनंद झाला होता. म्हणजे माणूस गोळी खात नाही, आपलं लहानपण खातो! दुसऱ्या दिवशी मी एक दोनशे पानी वही घेतली आणि पॅनेलवरच्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. लहानपणी काय खूप आवडायचं, आणि काय अजिबात आवडायचं नाही. तुम्ही करून बघा. 'तुमची माहिती सांगा' म्हटलं की माणसं आक्रसतात. हे दोन प्रश्न विचारले की मोठमोठे मॅनेजर मांडी घालून बसतात. टायपिस्ट बाईंना लाल भोपळा बघवत नव्हता, त्या वसतिगृहात वाढल्या होत्या. स्टोअरकीपरला करपलेल्या दुधाची खरवड आवडायची, भावंडांत मारामारी व्हायची म्हणाला. त्याच वासाने आमच्या टेलिफोन ऑपरेटरला मळमळायचं. मीही माझं पान भरलं. आवड : शेतात बसून खाल्लेला हुरडा, आणि आईचं पन्हं. नावड : शेपू. शेपूची भाजी आमच्याकडे दर गुरुवारी व्हायची. शेवटचा घास मी गालात धरून शाळेपर्यंत न्यायचे आणि फाटकाशी थुंकायचे. शेपू बाजारात दिसला तरी मी आजही रस्ता ओलांडते.

कामत सर मात्र त्या वहीला हसायचे. आपली काय ती नावड त्यांनी शेवटपर्यंत सांगितली नाही.

आणि अशात फेब्रुवारीत अण्णा आले.

अण्णा सांगलीकडचे गोळीवाले. वय सत्तरीच्या आसपास, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. इतर गिऱ्हाइकं पत्र पाठवायची, नाहीतर माणूस पाठवायची. अण्णा स्वतः रात्रभर एस.टी.त बसून आले होते. त्यांना जूनमध्ये शाळा उघडायच्या आत कैरीची गोळी बाजारात आणायची होती. त्यांनी सरळ सांगितलं की मुंबईतल्या दुसऱ्या एका कंपनीकडेही ते जाऊन आलेत. आम्हाला तीन वेळा नमुना दाखवायची संधी, तिसऱ्याला नाही जमलं तर राम राम. कामत सरांच्या हातात तेव्हा एका मोठ्या बिस्किटवाल्याचं काम होतं. ते मला म्हणाले, सुनंदा, हे तू कर.

मी उडालेच. सहा वर्षं मी सहायक होते. वजनं करायची, पट्ट्या बुडवायच्या, सरांनी सांगितलेले थेंब मोजायचे. आमच्याकडे तोवर कुठल्याही बाईने स्वतःचा फॉर्म्युला लिहिला नव्हता. हे जमलं तर मी फ्लेवरिस्ट होणार होते. नाही जमलं तर मला तपासणी विभागात पाठवायचं आधीच बोललं जात होतं, कारण लॅबमधल्या जागेवर मालकांच्या ओळखीतला एक पदवीधर डोळा ठेवून होता.

मी अण्णांना विचारलं, कशी हवी कैरी? त्यांनी डोळे मिटले.

"बाई, दात आंबले पाहिजेत," ते म्हणाले. "आणि दुसरं म्हणजे, चोरून खाल्ल्यासारखं वाटलं पाहिजे."

हे मी वहीत लिहून घेतलं आणि कामाला लागले. आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. आंबट, हिरवा, थोडा गोडसर, मागे किंचित उबदारपणा. पट्टी नाकाशी धरली की मला आमचं बार्शीचं स्वयंपाकघर दिसायचं. अण्णा नमुना बघायला पुन्हा स्वतः आले. गोळी तोंडात घोळवली, मान डोलावली. छान आहे म्हणाले, त्यांच्या लग्नात अगदी असंच पन्हं होतं. आणि मग शांतपणे विचारलं की कैरी कुठे आहे.

चूक माझ्या ध्यानात आली. आमच्याकडे कैऱ्या बाजारातून यायच्या, दोन-चार दिवसांच्या. आई त्या उकडायची, गूळ-वेलची घालायची. मला माहीत असलेली कैरी शिजलेली होती. मी कामत सरांकडे गेले. त्यांनी पट्टी हुंगली, तीन बाटल्या काढायला सांगितल्या, दोन घालायला सांगितल्या. दुसरा नमुना धारदार झाला. मला तो आवडला. अण्णांनी तोंडात टाकला आणि एकच शब्द म्हणाले, लोणचं. कामत सरांच्या लहानपणी कारवारला कैऱ्या मिठाच्या पाण्याच्या बरणीत असत, हे मला पुढे कधीतरी कळलं.

आता एकच संधी उरली होती. मी वाशीच्या घाऊक बाजारातून टोपलीभर कैऱ्या आणल्या. कापल्या, किसल्या, ठेचल्या, हुंगल्या. त्यात आंबट होतं, हिरवं होतं, आणि जे नव्हतं ते मला ओळखता येत नव्हतं. टेबलावर सतरा काचपात्रं, प्रत्येकात वेगळी कैरी, आणि एकही कैरी नाही. दुपारी मी ती सगळी धुवायला टाकली.

धुवायला हिराबाई होत्या. कारखान्याच्या शेजारच्या गावातल्या, चाळिशीच्या, काटक. गावातल्या जमिनीवर ही सगळी शेडं उभी राहिली, तेव्हा त्यांच्या घरातला कोणी टेम्पो चालवायला लागला, कोणी भाड्याच्या खोल्या बांधल्या, आणि हिराबाई आमच्याकडे काचसामान धुवायला लागल्या. पॅनेलवर त्यांना कोणी कधी बोलावलं नव्हतं. फॉर्म इंग्रजी होता, त्यामुळे तो विचारच कोणाच्या मनात आला नव्हता. माझ्याही नाही.

मी वळणार तोच त्या एक पात्र नाकाशी धरून म्हणाल्या, "ताई, ही कैरी नाय. हा कैरीचा सार हाय."

खरं सांगते, मला राग आला. एम.एस्सी. होऊन सहा वर्षं बाटल्या हुंगत होते मी. मी काहीतरी तुटक बोलले आणि टेबलाशी येऊन बसले. समोर वही पडली होती. गोखल्यांचं पान, टायपिस्टबाईंचं पान, माझं पान. हिराबाईंचं पान नव्हतंच. मी वही उचलून परत नळापाशी गेले आणि हिराबाईंना माझे दोन प्रश्न विचारले.

त्या हसल्या. नावडतं काय तर करांदे म्हणाल्या. ते कडू कंद त्यांची आई राखेच्या पाण्यात उकडायची, भात संपला की दोन-दोन दिवस तेच. आवडतं काय, याला त्यांनी वेळ लावला नाही. कैरी. बाजारातली नाही, झाडावरची. त्यांचे वडील खाडीकडच्या मिठागरावर कामाला होते. त्यांना भाकरी पोचवायला ही पोरं जायची. वाटेत दगड मारून कैरी पाडायची, देठ तिथल्या तिथे मोडायचा, आणि मिठागरातल्या मिठाच्या खड्यावर घासून खायची.

"देठ मोरला का चीक उरतो," त्या देठ मोडून चीक उडाल्याचा हात करत म्हणाल्या. "पयला चिकाचा वास येतो, मंग कैरी येते. तुमच्यात चीकच नाय."

चीक ओठाला लागला की ओठ उतायचा, काळे डाग पडायचे. घरी गेल्यावर आई तोंडाकडे बघूनच ओळखायची आणि मारायची. सगळ्या पोरांना तो चीक नकोसा वाटायचा, तो चुकवायचा म्हणून देठाची बाजू आधी मातीत घासायची. पण तो वास आल्याशिवाय कैरी तोंडात जायचीच नाही.

मी विचारलं, तसं झाड आता आहे का? त्या म्हणाल्या, रविवारी या.

रविवारी सकाळी मी त्यांच्या गावात गेले. गोदामांच्या लांबलचक भिंतीमागे, खाडीच्या अंगाला एक रायवळ आंबा उभा होता. पूर्वी ओळीने सात होते. आमच्या कारखान्यात टँकर जिथे उभा राहतो, तिथेही एक होता, असं त्या जाता जाता म्हणाल्या. कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या होत्या. झाड त्यांच्या चुलत दिराचं. त्याचं नवं दुमजली घर समोरच होतं. मी म्हटलं, आपण त्याला विचारून घेऊ. हिराबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझी चूक लगेच कळली.

"मागून आनली तर चव लागंल का?"

त्यांनी पदर खोचला, एक दगड निवडला आणि फांदीवर नेमका मारला. तीन कैऱ्या पडल्या. मी एक उचलतेय तोच गच्चीवरून कोणीतरी ओरडलं. हिराबाई पळाल्या. मग मीही पळाले, छत्तीस वर्षांची, पायात ऑफिसच्या चपला, हातात कैरी. गोदामाचा कोपरा ओलांडून आम्ही भिंतीला टेकलो तेव्हा दोघींनाही धाप लागली होती आणि मला इतकं हसू येत होतं की उभं राहवेना. हिराबाईंनी माझ्या हातातली कैरी घेतली, कट्कन देठ मोडला आणि माझ्या नाकाशी धरली.

आधी टर्पेंटाइनसारखं काहीतरी नाकात घुसलं. त्याच्या मागे एक हिरवा, उग्र, तेलकट वास. मी दचकून मान मागे घेतली, कारण तो वास मला माहीत होता. गुरुवारचा. शेपूचा.

काय झालं ते तुम्हाला सांगते. आमच्या लॅबमध्ये सगळ्यात खालच्या फळीवर एक बाटली होती. तिचं नाव लांबलचक आहे, इथे लिहून उपयोग नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी ती उघडली होती, शेपू म्हणून लगेच बंद केली होती, आणि त्यानंतर सहा वर्षांत तिला हात लावला नव्हता. कैरीचे सतरा प्रयोग केले. चारशे बाटल्यांमधून निवड केली. ती एक मी प्रत्येक वेळी ओलांडून पुढे गेले, आणि आपण ओलांडतोय हे मला कळलंही नाही. गोखले निदान रुमाल लावून बाहेर गेले होते. मी तर दारच उघडलं नव्हतं.

मी तिथेच भिंतीशी उभी राहून ती कैरी खाल्ली. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. चीक पुसायचा असतो हे मी विसरले. सोमवारी खालचा ओठ सुजवून कामावर गेले तेव्हा टेलिफोन ऑपरेटरने फार सूचक चेहऱ्याने चौकशी केली. मला उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी खालच्या फळीपाशी मांडी घालून बसले, श्वास धरला आणि ती बाटली उघडली.

पुढचे चार दिवस कसे गेले ते मला आजही लख्ख आठवतं. दोन थेंब जास्त झाले की कैरीला भिंतीच्या रंगाचा वास यायचा. कमी पडले की परत पन्हं. शिवाय गोळी उकळत्या पाकाची असते. वरवरचे वास वाफेबरोबर उडून जातात, म्हणून गार सरबतात जमलेली गोष्ट गोळीत जमेलच असं नाही. मी छोट्या कढईत पाक करायचे, ओतायचे, थापायचे, कापायचे. दर गोळीला हिराबाईंना हाक मारायचे. त्या हात पुसत यायच्या, गोळी तोंडात टाकायच्या आणि नळाकडे परत जाता जाता सांगायच्या. चीक लई झाला. चीक उडाला. आता देठ हाय पन कैरी पिकाया लागली. मी तसतसे थेंब बदलायचे. इतकं नेमकं बोलणारं माणूस मला पॅनेलवर सहा वर्षांत भेटलं नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी गोळी तोंडात घेतली आणि परत गेल्या नाहीत. तोंडातून काढून ती बोटात धरून बघितली, पुन्हा तोंडात ठेवली. मी वाट बघत होते.

"मीठ कुठं हाय?" त्या म्हणाल्या.

साखरेच्या गोळीत मीठ, म्हटल्यावर कामत सरांनी भुवया उंचावल्या. पण थांबवलं नाही. मी चिमूटभर मीठ घातलं आणि मंगळवारी गोळी पॅनेलपुढे ठेवली. त्याआधी फॉर्म हाताने मराठीत लिहून काढला आणि नववी खुर्ची मांडून हिराबाईंना बसवलं. गोखल्यांचा एक डोळा आपोआप मिटला. कामत सरांनी गोळी संपेपर्यंत चघळली. नंतर माझ्या टेबलाशी आले, खालच्या फळीवरची मोकळी जागा बघितली आणि म्हणाले, अच्छा, ही. बस, इतकंच. त्यांच्याकडून मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

अण्णा मार्चच्या शेवटी आले. मी बशी टेबलावर आधीच ठेवून दिली होती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले. चेहरा आंबट झाला. मग, तुम्हाला शपथेवर सांगते, त्या सत्तरीच्या माणसाने डोळे उघडले आणि पटकन मान वळवून दाराकडे बघितलं. दारात कोणीही नव्हतं.

"राखण्या आला असं वाटलं," ते ओशाळून म्हणाले.

जूनमध्ये गोळी बाजारात आली. अण्णांनी मोठा डबा भरून पाठवला. मी तो गावात हिराबाईंच्या घरी घेऊन गेले. त्यांच्या चुलत दिरालाही दिली, आणि ती कैरी कुठून आली हे सांगून टाकलं. त्याने ती चोरी आम्हाला माफ केली की नाही ते कळलं नाही, पण आणखी दोन गोळ्या मागितल्या.

मी फ्लेवरिस्ट झाले. दारावर माझ्या नावाची पाटी लागली. त्यानंतर बऱ्याच गोष्टी केल्या, जांभूळ, चिंच, एक फणस जो फक्त निम्म्या महाराष्ट्राने खाल्ला. प्रत्येक वेळी वहीतल्या आवडीपेक्षा नावडीची पानं आधी उघडली. स्वतःचं तर सगळ्यात आधी.

एक गोष्ट मात्र मनात राहून गेली आहे. प्रत्येक फॉर्म्युल्याचं एक कार्ड असतं, त्यावर कोणी तयार केला त्याचं नाव लिहितात. कैरीच्या कार्डावर माझं नाव आहे. मी कामत सरांना विचारलं होतं की हिराबाईंचं नाव लिहू का. ते म्हणाले, पॅनेलचं नाव लिहायची पद्धत नाही. मी बरं म्हटलं. फार पटकन बरं म्हटलं. पाटीचा आनंद ताजा होता, भांडायचं जिवावर आलं. हिराबाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी नाव वगैरे काही मागितलं नाही. त्यांना भांडी धुवायची नव्हती. तेवढं मी भांडून केलं. त्या लॅबमध्ये आल्या, वजनकाट्यापाशी बसू लागल्या आणि दर मंगळवारी पॅनेलवर. मराठी फॉर्म छापील झाला, तोही त्यांच्यामुळे. पण कार्ड तसंच राहिलं.

दशक संपता संपता कंपनीने परदेशातून एक यंत्र आणलं. कुठल्याही फळाचा रस त्यात घातला की कागदावर डोंगरांसारख्या रेघा उमटतात, आणि कुठला वास किती आहे ते कळतं. नव्या पोरांना फार अप्रूप होतं, मलाही होतं. पहिल्या दिवशी मी हट्टाने रायवळ कैरी घातली. तासाभराने कागद बाहेर आला. त्यात ती खालच्या फळीवरची बाटली होती, ठळक, अगदी सुरुवातीच्या डोंगरांत. मी हिराबाईंना बोलावून दाखवलं. म्हटलं, बघा, तुम्ही सांगितलं होतं तेच यंत्र म्हणतंय.

त्यांनी कागद हातात धरून नीट बघितला. आमच्यात तोवर वहीतले ते दोन प्रश्न कुठल्याही नव्या माणसाला विचारायची रीत पडली होती. त्या यंत्राकडे वळून म्हणाल्या, "याला काय नावडतं?"

मी म्हटलं, यंत्राला आवड-नावड नसते, हिराबाई.

"मंग याला कसं कललं?" त्या म्हणाल्या, आणि उरलेली अर्धी कैरी मिठाला लावून खायला लागल्या.